बट्टीची रीत आणि बटाट्याची फोड

वरण-बट्टीचा बेत ज्या खानदेशी घरी ठरतो, त्या घरच्या गृहिणीस उष्णता, पाणी आणि पिष्ट या तिघांच्या परस्परव्यवहाराचे ज्ञान, प्रयोगशाळेची पायरी न चढता, पिढीजात सरावानेच प्राप्त झालेले असते. आणि हल्ली जळगाव-धुळ्याच्या अनेक स्वयंपाकघरांत विजेचा ओव्हन रुजू झाल्यापासून मुले बटाट्याच्या ज्या कुरकुरीत फोडींचा, म्हणजे बाजारात ज्यांना पोटॅटो वेजेस म्हणतात त्यांचा, हट्ट धरतात, त्या मऊ आणि लिबलिबीत होतात याचे कारण हे घरचे ज्ञान ओव्हनपाशी कोणी आठवत नाही हेच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९०६ साली सरकारने खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तेच पुढे जळगाव आणि धुळे झाले. परंतु बट्टीचा मान दोन्हीकडे सारखाच राहिला. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवलेले गोळे प्रथम उकडतात, उकडलेले गोळे निवू देतात, निवल्यावर सुरीने त्यांच्या फोडी करतात, आणि मगच त्या तेलात किंवा तुपात खरपूस तळून वरणाबरोबर व घोटलेल्या वांग्याच्या भाजीबरोबर पानात वाढतात. हा क्रम निष्कारण नाही. कच्चा गोळा थेट कढईत सोडला, तर आच गाभ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचा बाहेरचा भाग करपेल. उकडताना, साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे, पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची चिकट खळ बनते. गोळा निवत असता त्याच खळीतील लांबलचक रेणू पुन्हा एकमेकांस बिलगतात व तिला घट्टपणा येतो, म्हणून काप स्वच्छ पडतो. आणि तळताना वरच्या थरातील पाणी उडून गेले, की त्या खळीचा कडक, ठिसूळ पापुद्रा तयार होतो. आधी शिजवणे आणि मग सुकवणे, हे कुरकुरीतपणाचे सर्व रहस्य. उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांतही तेच आहे.

आता बटाट्याकडे वळू. त्याच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग पाणी असते, आणि एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करावयाची म्हणजे सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्ची पडते. जोपर्यंत फोडीच्या पृष्ठभागी ओल आहे, तोपर्यंत ओव्हनची उष्णता या वाफेच्या कामीच जाते आणि तो पृष्ठभाग, बाहेरची हवा कितीही तप्त असली तरी, १०० अंशांच्या फारसा पलीकडे जात नाही. परंतु सोनेरी रंग आणि भाजल्याचा तो हवाहवासा वास ज्या रासायनिक क्रियेने निर्माण होतो, आणि जिचे वर्णन मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली केले, ती शर्करा व अमिनो आम्ले यांची क्रिया जोमाने चालू होण्यास १४० अंशांच्या आसपास तापमान लागते. सारांश, पाणी हटल्याखेरीज रंग नाही. मायक्रोवेव्हमध्ये फोड कुरकुरीत का होत नाही, याचेही उत्तर यातच मिळते: तेथे आतले पाणी तापून बाहेर येते, पण सभोवतीची हवा थंडच असल्याने पृष्ठभाग ओला राहतो.

म्हणून बट्टीचीच रीत चालवावी. बटाटे सालासकट स्वच्छ धुऊन प्रत्येकाच्या उभ्या आठ फोडी कराव्यात आणि त्या मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकाव्यात. त्या पाण्यात, दोन लिटरांस अर्धा चहाचा चमचा या मानाने, खाण्याचा सोडा अवश्य घालावा. वनस्पतींच्या पेशी एकमेकींस सांधून ठेवणारे पेक्टिन क्षारयुक्त पाण्यात लवकर विरघळते, त्यामुळे फोडीचा गाभा शाबूत असतानाच तिच्या कडा सैल होतात. (लिंबू पिळले तर परिणाम नेमका उलटा, कडा घट्ट राहतात.) आठ-दहा मिनिटांनी कडा भुसभुशीत दिसू लागल्या, की फोडी चाळणीत उपसून त्यांच्या अंगची वाफ जिरेपर्यंत उघड्या ठेवाव्यात, हीच पायरी घाईत गाळली जाते आणि हीच सर्वांत मोलाची आहे. मग पातेल्यात शेंगदाण्याचे तेल घालून त्या चांगल्या हिसळाव्यात. जवळून पाहिले तर कडांवरचा भुगा तेलात मिसळून प्रत्येक फोडीवर पिष्टाचा खरबरीत लेप बसलेला दिसतो. सपाट कापाच्या तुलनेत या खडबडीत थराचे क्षेत्रफळ पुष्कळच अधिक, म्हणून पापुद्राही अधिक.

ओव्हन २२० अंशांवर आधी तापवावा, त्यातच काळा लोखंडी ट्रे तापू द्यावा, आणि फोडी एकमेकींस न चिकटता पसरतील अशी तजवीज करावी. दाटी झाली तर एकीची वाफ दुसरीस भिजवते. तेलाचे काम केवळ चवीचे नव्हे. हवा ही उष्णतेची मंद वाहक, तर तेल फोड आणि ट्रे यांमधील पोकळी भरून उष्णता आत पोहोचवते. वीस मिनिटांच्या आत फोडी उलटण्याचा मोह टाळावा, कारण पापुद्रा सुकून घट्ट झाला की फोड आपोआप ट्रेपासून सुटते. एकंदर पाऊण तासाच्या आत काम होते. खानदेशी काळा मसाला आणि ठेचलेला लसूण शेवटच्या काही मिनिटांतच लावावा, एरवी ते जळून कडू होतात.

जिन्नस कोणता घ्यावा, हाही प्रश्न आहेच. कापूस आणि केळी मुबलक पिकवणाऱ्या या मुलखात बटाटा बहुधा इंदूर-आग्र्याकडून येतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ साली प्रसृत केलेला कुफरी चिपसोना-१ हा वाण वेफर्ससाठीच निर्माण केलेला आहे. त्यात घन अंश अधिक आणि शर्करा कमी, म्हणून तो मिळाल्यास या कामी उत्तम. मात्र बटाटा कोणताही असो, तो फ्रिजमध्ये ठेवू नये. तेथील ४-५ अंशांच्या थंडीत त्यातील पिष्टाची शर्करा होऊ लागते. तसा बटाटा भाजताना आत शिजण्यापूर्वीच काळपटतो, आणि त्याहून गंभीर गोष्ट ही, की शर्करा व अ‍ॅस्परॅजिन नावाचे अमिनो आम्ल यांच्या संयोगाने, १२० अंशांच्या पुढे, अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्यास अपायकारक मानलेले द्रव्य त्यात अधिक प्रमाणात तयार होते. पिष्टमय तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत ते असल्याचे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली जाहीर केले. तेव्हा फोडी सोनेरी झाल्या की काढाव्यात, तपकिरी होण्याची वाट पाहू नये.

काढल्यावर त्या झाकूनही ठेवू नयेत. गाभ्यातली ओल बाहेर येऊन पापुद्र्यात शिरण्यास फार वेळ लागत नाही. पाहुणे उशिरा येणार असतील तर सकाळी फोडी उकडून, निववून ठेवाव्यात आणि ओव्हन त्यांची पावले दारात वाजल्यावर लावावा.