मंडळी, कुटुंब आणि स्त्री : ख्रिस्ती विचारातील दोन भूमिका आणि मराठी स्त्रीलेखन

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार बहुधा धर्मांतराच्या अंगाने केला जातो. कोणी कोणत्या कारणाने धर्म बदलला, समाजाने त्याला कसे वागविले, हे प्रश्न त्या चर्चेत अग्रभागी असतात. धर्मांतरानंतरचा प्रश्न मात्र मागे राहतो. नव्या धर्मात आलेल्या स्त्रीला घरात आणि मंडळीत कोणते स्थान मिळाले, आणि मिळालेले स्थान तिने जसेच्या तसे स्वीकारले काय? पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक या दोन लेखिकांना हा प्रश्न प्रत्यक्ष जगावा लागला. तो समजून घेण्यासाठी ख्रिस्ती धर्मविचारातील स्त्रीविषयक वादाची मांडणी प्रथम पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात त्या वादाचे स्वरूप स्पष्ट करून त्याच्या प्रकाशात या दोघींच्या लेखनाचा विचार केला आहे.

१. वादाचे शास्त्राधार

या विषयात ख्रिस्ती विचारवंतांमध्ये स्थूलमानाने दोन भूमिका आढळतात. पहिलीला पूरकतावादी म्हणता येईल. स्त्री व पुरुष देवासमोर सारख्याच मोलाचे आहेत. तथापि त्यांची कार्ये निर्मितीपासूनच भिन्न आहेत, कुटुंबात पती हा मस्तक आहे आणि मंडळीत शिकविण्याचा व शासनाचा अधिकार पुरुषाकडे आहे, असे ही भूमिका सांगते. दुसरी भूमिका समतावादी होय. पुरुषाचे स्वामित्व हा निर्मितीचा नियम नसून पतनाचा परिणाम आहे. ख्रिस्तात तो परिणाम नाहीसा होतो. म्हणून सेवेचे वाटप लिंगावरून न होता मिळालेल्या कृपादानावरून व्हावे, असे तिचे म्हणणे आहे.

दोन्ही पक्ष एकाच ग्रंथाचा आधार घेतात, हे या वादाचे वैशिष्ट्य होय. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीला शिकविण्याची मनाई आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तिने मंडळीत मौन पाळावे असे सांगितले आहे. परंतु त्याच पत्राचा अकरावा अध्याय स्त्रिया सभेत प्रार्थना करतात व संदेश देतात हे गृहीत धरून चालतो. तेथील चर्चा त्यांनी मस्तक आच्छादावे की नाही एवढ्यापुरतीच आहे. मौनाची आज्ञा सर्वकालीन असेल तर अकराव्या अध्यायाचा अर्थ लागत नाही, असे समतावादी म्हणतात. मनाई सर्व बोलण्याला नसून अधिकाराने निवाडा करण्याला आहे, असे पूरकतावादी उत्तर देतात. तीमथ्याच्या पत्रात 'अधिकार चालविणे' या अर्थी आलेले 'ऑथेन्टेइन' हे ग्रीक क्रियापद नव्या करारात अन्यत्र कोठेही आढळत नाही. त्यामुळे त्याचा अर्थ साधा अधिकार घ्यावा की बळकावलेला अधिकार, हा वाद केवळ तुलनेने सुटत नाही.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायातील फिबीचे उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला अधिक उद्बोधक वाटेल. पौलाने तिला 'दियाकोनोस' म्हटले आहे. हाच शब्द फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या प्रारंभी मंडळीतील अधिकारपदासाठी येतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने पुरुषांच्या बाबतीत 'डीकन' हा पदवाचक शब्द ठेवला, फिबीच्या बाबतीत मात्र 'सर्व्हंट' हा सामान्य शब्द वापरला. एका शब्दाचे दोन अनुवाद झाले आणि एक पद वाचकाच्या दृष्टीआड गेले. मराठीत फिबीसाठी 'सेविका' हा शब्द रूढ आहे. त्याचे 'सेवक' या शब्दाशी असलेले नाते उघड असल्याने मूळचा दुवा येथे तुटत नाही. तरीही व्यवहारातील 'सेविका' या शब्दाला नेतृत्वाची छटा नाही, आणि त्यामुळे वाचकाच्या मनात फिबी पदाधिकारी म्हणून उभी राहतेच असे नाही.

२. 'अधीन' या शब्दाचे मराठी वजन

कुटुंबविषयक वादाचे केंद्र इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय होय. पत्नीने पतीच्या अधीन असावे हे त्यातील बाविसावे वचन सर्वपरिचित आहे. परंतु जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी काहींत त्या वचनात क्रियापदच नाही. ते आधीच्या एकविसाव्या वचनातून घ्यावे लागते आणि त्या वचनात सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे सांगितले आहे. बाविसावे वचन स्वतंत्र आज्ञा म्हणून वाचावे की परस्पर अधीनतेचे एक उदाहरण म्हणून, यावर त्याचा अर्थ अवलंबून आहे. पुढे पतीला पत्नीसाठी स्वतःला अर्पण करण्याची आज्ञा आहे. 'मस्तक' या अर्थाच्या 'केफाले' या शब्दातून सत्ता सूचित होते की उगम, याबद्दलही भाष्यकारांत एकमत नाही.

हा मजकूर मराठीत येताना त्याला आणखी एक संदर्भ चिकटतो. मनुस्मृतीने स्त्रीला बालपणी पित्याच्या, तारुण्यात पतीच्या व वार्धक्यात पुत्राच्या रक्षणाखाली ठेवले. पातिव्रत्याच्या कल्पनेने पतीला देवत्व दिले. या परंपरेत वाढलेल्या वाचकाच्या कानी 'अधीन' हा शब्द पडला की तो पौलाच्या शब्दात मनूचा आवाज ऐकतो. म्हणजे ख्रिस्ती उपदेशातील एकच वाक्य इंग्लंडमधील वाचकाला व महाराष्ट्रातील वाचकाला सारखे ऐकू येत नाही. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत या अडचणीतून काढलेली एक वाट दिसते. विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडविणाऱ्या या कृतीत यमुना व विनायक यांचे दांपत्य सहचरांचे आहे, आणि वैधव्यानंतर यमुनेचा पुनर्विवाह होतो. पत्नी दासी नसून सोबतीण आहे, हा आदर्श येथे ख्रिस्ती म्हणून पुढे येतो. मात्र सोबतिणीचे क्षेत्र घरापुरतेच राहते. तिने मंडळीत बोलावे की नाही, हा प्रश्न कादंबरीपुढे उभाच राहत नाही.

३. रमाबाई : शास्त्र आणि शास्त्राचे अधिकारी

तो प्रश्न रमाबाईंपुढे उभा राहिला. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्त्रीधर्मनीती'त त्यांनी स्त्रियांना विद्या व स्वावलंबन यांचा उपदेश केला, परंतु पतिसेवेचा परंपरागत आदर्श सोडला नाही. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे, असा विषय निघाला. त्याला मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकविल्याचे भारतात कळले तर तेथील त्यांचा प्रभाव नष्ट होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या हरकतीत पुढे केलेला मुद्दा पौलाच्या वचनाचा नव्हता, भारतीय रूढीचा होता. रमाबाईंनी त्याला दिलेले उत्तर तितकेच अर्थपूर्ण आहे. आपल्या आईने व आपण पुरुषांना शिकविले तेव्हा ना पित्याने आक्षेप घेतला ना पतीने. मग इंग्रजांनी तो घ्यावा याचे त्यांना आश्चर्य वाटले. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल स्वजनांचा रोष पत्करला होता. त्या घरातील मुलीला हिंदू रूढीचे ज्ञान बिशपांकडून घेण्याचे कारण नव्हते. ज्या परंपरेतून स्त्रीची सुटका करावयाची असे मिशनरी सांगत, तिच्याच नावाने तिला थांबविले जात होते, आणि त्या परंपरेतील एका अपवादात्मक घराचा दाखला ती आपल्या स्वातंत्र्यासाठी देत होती.

१८८५ मध्ये सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेल्या पत्रात हा विचार आणखी पुढे जातो. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. देवाच्या वचनाचे आज्ञापालन आणि धर्माधिकाऱ्यांच्या प्रत्येक शब्दाचे आज्ञापालन या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरविल्यावर तसेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाने ही पत्रे प्रकाशात आली आणि रमाबाईंचे धर्मांतर म्हणजे एका अधिकाराकडून दुसऱ्या अधिकाराकडे झालेले शरणागतीचे प्रयाण होते, हे मत टिकणे कठीण झाले.

तरीही रमाबाईंना सरळ समतावादी म्हणणे घाईचे ठरेल. त्यांनी दीक्षेचा हक्क मागितला नाही. त्यांनी संस्था उभारल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम आणि छापखाना या सर्व कामांत स्त्रिया होत्या. तेथील उपासना व उपदेश यांतही स्त्रियांचाच पुढाकार होता. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. स्त्रीने शास्त्र शिकवावे की नाही हा वाद पाश्चात्त्य मंडळ्यांत चालू असताना एक मराठी स्त्री त्या शास्त्राचे शब्द निवडीत होती. पदावाचून आलेला हा अधिकार कोणत्याही धर्मपीठाच्या मान्यतेवर अवलंबून नव्हता.

४. लक्ष्मीबाई : घरातील धर्मशास्त्र

लक्ष्मीबाईंचे क्षेत्र वेगळे आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नीची संमती घेतलेली नव्हती. पूरकतावादी तर्काने पाहिले तर मस्तकाने निर्णय घेतला होता. देहाने मागून जावयाचे होते. लक्ष्मीबाई मागून गेल्या नाहीत. काही वर्षे त्या दूर राहिल्या. नंतर पतीजवळ आल्या त्याही आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नसावा, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने काढला आणि मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'तील हा भाग वाचताना ध्यानात येते की येथे पतीचा धर्म पत्नीकडे आपोआप आलेला नाही. ती आपल्या पायांनी तेथे पोहोचली आहे.

कुटुंबातील अधिकाराचा प्रश्न लक्ष्मीबाई तात्त्विक भाषेत मांडीत नाहीत. टिळकांचा शीघ्रकोप, त्यांची उधळी दानशूरता आणि त्यातून उडणारी संसाराची तारांबळ त्या विनोदाने सांगतात. या विनोदात कडवटपणा नाही, पण आंधळी भक्तीही नाही. ज्या पतीला देव मानावयाचे त्याच्याकडे पाहून असे हसता येत नाही, आणि ज्याला केवळ जुलमी मानावयाचे त्याच्याविषयी असा जिव्हाळा वाटत नाही. इफिसकरांच्या पत्रातील परस्पर अधीनतेचा अर्थ एखाद्या भाष्यापेक्षा या गद्यात अधिक स्पष्ट होतो. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्यावर त्यांचे अपूर्ण 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. विवाहानंतर पतीकडून अक्षरओळख झालेल्या स्त्रीने पतीचे ख्रिस्तचरित्र लिहून पुरे करावे, ही घटना स्त्रीच्या शिकविण्याच्या अधिकाराविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

५. समारोप

मंडळ्यांच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे पुढे वेगवेगळी निघाली. ज्या चर्चमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला त्या चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ साली ब्रिस्टल येथे प्रथमच स्त्रियांना प्रीस्टपदाची दीक्षा दिली, म्हणजे रमाबाईंच्या बाप्तिस्म्यानंतर एकशे दहा वर्षांनी. त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार कॅथलिक चर्चला नाही, असे जाहीर केले. २०२१ साली वाचक व वेदीसेवक ही पदे मात्र स्त्रियांना औपचारिकपणे खुली झाली. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना दीक्षा मिळू शकते, तर २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियाने ई. पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशपपदी नेमले.

पदांचा हा इतिहास महत्त्वाचा असला तरी मराठी साहित्याच्या अभ्यासकाला त्यापलीकडे पाहावे लागते. दीक्षेचे दार बंद असताना रमाबाईंनी भाषांतर व संस्था यांतून आणि लक्ष्मीबाईंनी आत्मकथन व काव्य यांतून शिकविण्याचे काम केले. दोघींनीही शास्त्र नाकारले नाही. शास्त्र आणि त्याचे अधिकृत वाचक यांत भेद केला. हा भेद करता येणे हेच त्यांच्या स्वातंत्र्याचे मूळ होते. म्हणून त्यांच्या ग्रंथांचे वाचन केवळ धर्मांतराची कागदपत्रे म्हणून न करता, अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा या प्रश्नाला स्त्रियांनी दिलेली उत्तरे म्हणून करणे अधिक फलदायी ठरेल.