छावणीचं पाणी, गावाचंही

ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांतच म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या निर्वासित बांगलादेशच्या कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. उखिया आणि टेकनाफ या भागांत त्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. घाईघाईत उथळ हापसे खोदले गेले. त्यातले कित्येक शौचालयांना इतके खेटून होते की मैला झिरपून पाण्यात ई. कोलाय जिवाणू सापडू लागले.

उखियात जमिनीच्या खोल थरात चांगलं पाणी आहे. म्हणून तिथे खोल कूपनलिका, सौरपंप, उंचावर टाकी आणि खाली नळकोंडाळी अशा योजना झाल्या. क्लोरीन मिसळल्यावर निदान अर्धा तास थांबायचं. मग नळाच्या पाण्याच्या नमुन्यात एक छोटी गोळी टाकतात. पाणी गुलाबी झालं की क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे घरी नेलेल्या हंड्यातही ते जंतूंना आवर घालेल. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम पुरे.

टेकनाफचं दुखणं वेगळं. नाफ नदी आणि बंगालचा उपसागर यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी. भूजल तुटपुंजं, कुठे कुठे खारं. पावसाचं पाणी साठवून शुद्ध करावं लागतं, कोरड्या महिन्यांत टँकर धावतात. ही टंचाई स्थानिक गावकऱ्यांनाही सोसावी लागते. त्यांची तक्रार रास्तच आहे.

निर्वासितांना आसरा देणाऱ्या युगांडाने याबाबत चांगला दंडक घातला: निर्वासितांसाठीच्या मदतीतला ३० टक्के वाटा यजमान वस्तीला. छावणीची जलवाहिनी आखतानाच शेजारच्या गावाचा नळ त्याच नकाशावर काढायला हवा. नंतर बघू म्हटलं, की तो राहूनच जातो.