आधी टायर, मग शॉकअब, अलॉय शेवटी! मावळातल्या हॉट हॅचवाल्यांसाठी ११ चटकदार गोष्टी

छोटी गाडी, जोमदार इंजिन, मागे उघडणारा दरवाजा आणि घाट दिसला की हसणारा मालक! हॉट हॅचला मावळाइतकं जिवाभावाचं अंगण दुसरं नाही. वडगाव-कामशेतचा जुना महामार्ग, खंडाळ्याची वळणं, पवना धरणाकाठचा रस्ता, लोणावळ्याहून आंबी व्हॅलीकडे जाणारे चढउतार. गाडी दारात आली की महिन्याभरात प्रश्न सुरू होतात: मोठे अलॉय टाकू का? गाडी खाली बसवू का? पैसे काढण्याआधी हे वाचाच.

१. माहेर पुणे जिल्हाच

फोक्सवॅगन पोलो चाकणला बनायची. उत्पादन २००९च्या अखेरीस सुरू झालं, २०२२मध्ये थांबलं. १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५मध्ये आली, ती रांजणगावची. साध्या पुंटोपेक्षा ती कंपनीनेच खाली बसवली होती आणि तिच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. शॉकअब बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचा कारखानाही चाकणलाच. आणि मावळातल्या तळेगावात जनरल मोटर्सच्या स्पार्क आणि बीट तयार व्हायच्या, तो कारखाना २०२३मध्ये ह्युंदाईने घ्यायचं ठरवलं.

२. पाच हजारांचा अंदाज, साडेचार लाखांची विक्री

हॉट हॅच घराघरात पोहोचवली ती १९७६च्या गोल्फ जीटीआयने. ११० अश्वशक्तीच्या या गाडीच्या पाच हजार प्रती खपतील, असा फोक्सवॅगनचा हिशोब होता. पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून जास्त खपल्या. नुसतं इंजिन बदलून ही जादू झाली नव्हती. गाडी खाली आणली, स्प्रिंग कडक केल्या, टायर रुंद केले. ताकद वाढली की पाय पक्के हवेत, हा धडा तेव्हापासूनचा.

३. सगळा भरवसा चार तळहातांवर

अकराशे किलोची गाडी, टायरमध्ये ३३ पीएसआय हवा. वजनाला हवेच्या दाबाने भागलं की एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग निघतो सुमारे १२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. वळणं, ब्रेक, पिकअप, सगळं या चार तुकड्यांतून रस्त्यावर उतरतं. म्हणून पहिला खर्च चांगल्या टायरवर करा. बाकी सगळे भाग या तुकड्यांना रस्त्यावर नीट टेकवून ठेवण्यासाठीच असतात.

४. वेग दीडपट, ओढ सव्वादोनपट

एकच वळण ताशी ४० ऐवजी ६०ने घेतलं, तर गाडीला बाहेर ओढणारा जोर २.२५ पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. बोरघाटाचा रस्ता चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला १८३०मध्ये, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. अशा घाटात महागडं सस्पेन्शनही हे गणित बदलू शकत नाही. गाडी काय करणार आहे, हे तुम्हाला जरा आधी कळवणं, एवढं काम ते मन लावून करतं.

५. दोन मिलिमीटरची करामत

वळणात गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी असते, तिला अँटी-रोल बार म्हणतात. भरीव दांडीचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरची दांडी काढून २२ची बसवा: जाडी १० टक्के वाढली, कडकपणा तब्बल ४६ टक्के! स्प्रिंगच्या तारेलाही हाच नियम. म्हणून डोळ्यांना न दिसणारा बदल पहिल्याच वळणात जाणवतो.

६. स्प्रिंग कापू नका. कधीच नाही!

गाडी स्वस्तात खाली बसवायची म्हणून स्प्रिंगचे वेढे कापले जातात. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, पण शॉकअब जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा राहतो. वर खड्ड्यात चाक लोंबकळलं की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सरकू शकते. गाडी खाली आणायचीच असेल, तर त्या मॉडेलसाठी बनवलेली स्प्रिंग आणि तिला साजेसा शॉकअब, अशी जोडीच घ्या.

७. धक्का कुठे जातो? उष्णतेत!

स्प्रिंग धक्का साठवते आणि लगेच परत करते. एकटी असती तर गाडी खड्ड्यानंतरही वरखाली डोलत राहिली असती. शॉकअबमधलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि त्या डोलण्याची उष्णता होते. खराब रस्त्यावरून बरंच अंतर कापल्यावर शॉकअब चांगलेच तापतात, ते यामुळे. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत नुसते नवे शॉकअब आणि लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांडीचे, रबरी बुश टाकले, तरी गाडी पुन्हा तरुण होते.

८. दहा सेंटिमीटरचा पहारेकरी

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर धरा. ती ४० मिलिमीटर खाली आणली की उरतात १२५. त्यात चार माणसं, डिकीत सामान, आणि गावातले गतिरोधक सगळेच मापातले नसतात. मावळात राहणाऱ्याने १५ ते २० मिलिमीटरवर थांबावं. वळणात फरक कळतो आणि पोटही घासत नाही.

९. मोठ्या चाकापेक्षा हलकं चाक

अॅल्युमिनियमची चाकं शर्यतीत गाजवली ती १९२४च्या बुगाटी टाइप ३५ने. चाक, टायर आणि ब्रेक यांचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं कमी, तितकं चाक खडबडीत रस्त्याला पटकन चिकटतं. दोन इंच मोठं पण जड अलॉय हा फायदा घालवून बसतं. माप बदलताना बाहेरचा व्यास सांभाळा. १८५/६० आर१५चा व्यास ६०३ मिलिमीटर, २०५/५० आर१६चा सुमारे ६११. फरक दीड टक्क्याच्या आत, म्हणजे चालेल. सोबत नटांच्या वर्तुळाचा व्यास (पीसीडी) आणि चाक किती आत-बाहेर बसतं ते माप (ऑफसेट) जुळलंच पाहिजे. टायरची बाजू फार पातळ झाली, तर पावसाळ्यातला पहिलाच खोल खड्डा रिम वाकवतो.

१०. लोणावळ्याचा पाऊस आणि १.६ मिलिमीटर

लोणावळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागला की स्टिअरिंग हलकं पडतं. विमानांच्या टायरवरून निघालेल्या एका ढोबळ सूत्रानुसार ३३ पीएसआयला हा वेग ताशी ९५च्या आसपास येतो. टायर झिजलेला असेल, तर धोका त्याच्या बऱ्याच आधी येतो. कायद्याने खाचा किमान १.६ मिलिमीटर हव्यात, पण जूनमध्ये मावळात ३ मिलिमीटर उरल्या की नवे टायर बघायला लागा. आणि एक गंमत: नायट्रोजन भरण्याचे पैसे देण्याआधी आठवा, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरवड्याला थंड टायरचा दाब तपासणं जास्त मोलाचं.

११. तीन चाकांवर वळणारी आणि स्प्रिंगच नसलेली

मुसंडी मारणाऱ्या हॉट हॅचच्या फोटोत आतल्या बाजूचं मागचं चाक हवेत दिसतं. मागची बाजू मुद्दाम कडक ठेवली की असं होतं. पुढून चालणाऱ्या गाडीचं नाक त्यामुळे वळणात आत शिरतं. याच्या उलट टोकाला कार्ट. कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर धावणाऱ्या कार्टला सस्पेन्शनच नसतं. तिची चौकटच लवते आणि स्प्रिंगचं काम करते. गाडीची हद्द शोधायची हौस असेल, तर ती अशा ट्रॅकवर किंवा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भागवा. घाटात समोरून एसटी येते, दुधाची गाडी येते, मुलांना घेऊन निघालेलं कुटुंब येतं.

कागदही घट्ट हवेत

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ नुसार अशा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कंपनी जे माप देते, त्याच्या आत राहणं शहाणपणाचं. विमा कंपनीला लेखी कळवा आणि वॉरंटीच्या अटी वाचून घ्या.

खिशाचा क्रम

आधी उत्तम टायर. मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि झिजलेले बुश. तिसरे चांगले शॉकअब. चौथ्या नंबरवर थोड्या खालच्या स्प्रिंग, तेही जोडीने. हलके अलॉय सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच बदल करा आणि ओळखीच्या रस्त्यावर, नेहमीच्याच वेगाने चालवून बघा. कोणत्या पैशाने काय मिळालं, ते गाडीच सांगेल.