हाड जुळले का? विजेला विचारा

गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून आमच्या ओळखीच्या एका काकूंचा पाय मोडला. आम्ही भेटायला गेलो की त्यांचा एकच प्रश्न : "हाड जुळलं असेल का हो?"

डॉक्टर एक्स-रे काढतात. पण नव्या हाडात कॅल्शियम साठेपर्यंत त्यात फारसे उमटत नाही. त्यात कित्येक आठवडे जातात. शंभरांतील पाच-दहा मोडलेली हाडे तर नीट जुळतच नाहीत.

हे आधी कळावे कसे? मोडल्या जागी प्रथम रक्त साकळते, मग कूर्चा येते, शेवटी हाड. रक्तातून वीज सहज वाहते, हाडातून अडखळत. तेव्हा तेथे अगदी सौम्य प्रवाह सोडून विरोध मोजला, की आतली प्रगती समजते. कॅलिफोर्नियात बर्कली आणि सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी असे मापन करणाऱ्या पट्ट्या उंदरांच्या मोडक्या हाडांवर बसवल्या. नीट जुळणारे हाड कोणते आणि रखडलेले कोणते, हे त्यांतून ओळखता आले. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले.

माणसांच्या नेहमीच्या उपचारात ही पट्टी अजून यायची आहे. तोवर वाचकहो, दुखणे थांबले म्हणून काठी टाकू नका. डॉक्टरांनी सांगितल्यावरच पायावर भार द्या. काकूंनाही आम्ही हेच सांगितले!