भेटीआधीचे दिवस

श्रोतेहो, गेल्या व्याख्यानात आपण ऋणत्रयाचा विचार केला. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. माणूस जन्माला येतो तोच कर्जदार म्हणून, असं ही कल्पना सांगते. आज आम्ही तिची उलटी बाजू घेणार आहोत. मूल अजून हातातही आलेलं नाही आणि आईबाप मात्र त्याचे ऋणको होऊन बसलेत, असं कधी घडतं का? घडतं. परदेशातलं मूल दत्तक घ्यायला निघालेल्या कुटुंबाचे, प्रत्यक्ष भेटीच्या आधीचे जे दोन-चार दिवस असतात, ते पाहा.

उदाहरण चीनचं घेऊ. तिथला दत्तक कायदा १९९२ साली लागू झाला आणि परदेशी कुटुंबांना दार उघडलं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये चीनने ते जवळजवळ पूर्ण बंद केलं. मधल्या काळात दीड लाखाहून अधिक मुलं देशाबाहेर गेली, त्यांतली निम्म्याच्या आसपास एकट्या अमेरिकेत. सुरुवातीच्या वर्षांत त्यात मुलीच बहुसंख्य होत्या. एकाच अपत्याची सक्ती, मुलग्याची ओढ, आणि मूल टाकणं हा गुन्हा. त्यामुळे आई उघडपणे पुढे येऊन मूल सोपवू शकत नव्हती. बाजाराच्या तोंडाशी, पोलीस चौकीजवळ, अनाथालयाच्या फाटकापाशी बाळ गुपचूप ठेवलं जाई. कागदावर आईचं नाव नाही. फक्त ‘सापडल्याची जागा’ आणि तारीख.

आता प्रवास. दक्षिण कोरियातून अनेक दशकं मुलं विमानाने पाठवली जात. सोबत कुणीतरी परकं माणूस असे आणि आईबाप आपल्या देशातल्या विमानतळावर वाट बघत उभे असत. चीनचा नियम वेगळा होता : पालकांनी स्वतः यायचं. १९९३ च्या हेग कराराचंही म्हणणं तेच आहे, की शक्य असेल तिथे मुलाचा प्रवास नव्या पालकांच्या सोबतीने व्हावा. भारतानेही हा करार २००३ साली मान्य केला.

म्हणजे झालं काय, की कुटुंब आधी बीजिंगला उतरे. झोपेचं वेळापत्रक उलटंपालटं झालेलं. दोन-तीन दिवस भिंत बघायची, राजवाडा बघायचा, बॅगेत मात्र अंदाजाने आणलेले छोटे कपडे आणि पाकिटात एक फोटो. मग त्या प्रांताच्या राजधानीत जायचं. हॉटेलच्या खोलीत पाळणा आधीच मांडून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी सरकारी कार्यालयात मूल हातात. त्यानंतर, कुटुंब अमेरिकन असेल तर, मुलाच्या व्हिसासाठी ग्वांगजौ, आणि मग घर.

यातल्या पहिल्या दोन-तीन दिवसांना काय म्हणायचं? सहल? बाहेरून तसंच दिसतं. पण पर्यटक आणि हे पाहुणे यांत एक फरक आहे. पर्यटक जे बघतो ते स्वतःसाठी बघतो. हे लोक दुसऱ्या कुणासाठी तरी बघत असतात. ज्या गल्ल्या, ज्या वासांचं जेवण, जी भाषा ते अनुभवतायत, ती सगळी त्या मुलाच्या हातून आता सुटणार आहे, आणि सुटण्याचं निमित्त आहेत हे स्वतः. मूल वर्षाचं. त्याला यातलं काहीही आठवणार नाही. मग त्याच्या वतीने आठवण कुणी ठेवायची? यांनीच. आम्ही ज्याला ऋण म्हणतो ते हे.

इथे एक गोष्ट आड येते. पालकांच्या मंडळींत लाल धाग्याची कथा फार प्रिय आहे. ज्यांची गाठ पडायची आहे त्यांना एक अदृश्य लाल धागा बांधून ठेवतो, असं ती सांगते. मूळ कथा थांग काळातली, आणि ती आहे नवराबायकोच्या गाठींची. आपल्याकडे स्वर्गात बांधतात त्याच. दत्तकाला ती पुढे जोडली गेली. वाट बघणाऱ्या माणसाला तिचा आधार वाटतो, हे आम्ही समजू शकतो. पण तर्काने पुढे चला. हे मूल आमच्याच नशिबी लिहिलं होतं असं म्हटलं, तर कुणा बाईने ते अंधारात फाटकापाशी ठेवणं हेही लिहिलेलंच ठरतं! मग तिच्या दुःखाला जबाबदार कुणीच नाही. ना धोरण, ना दारिद्र्य, ना दलाल. आणि दलाल होते. २००५ साली हूनान प्रांतात काही अनाथालयं बाळं विकत घेत असल्याचं उघड झालं, लोकांना शिक्षा झाल्या. नियतीच्या भाषेत असे प्रश्न विचारताच येत नाहीत.

भेटीच्या क्षणाचंही तसंच. पालकांच्या लेखी तो आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस, आणि मूल मात्र गळा काढून रडतं. साधारण आठ महिन्यांपासून मुलाला ओळखीचं माणूस आणि परकं माणूस यांतला फरक कळायला लागतो. सांभाळणाऱ्या मावशींच्या हातून ते परक्या हातात जातंय, तर रडणारच. हे रडणं वाईट लक्षण नव्हे बरं का. कुणावर तरी त्याचा जीव जडला होता, याचा तो पुरावा. ज्याला एकदा जीव लावता आला, त्याला पुन्हाही लावता येतो.

म्हणून भेटीआधीच्या दिवसांत करायची कामं अगदी साधी आहेत. सापडल्याची जागा जाऊन पाहणं, शक्य असेल तर फोटो काढणं. सांभाळणारीचं नाव विचारणं, मूल कशाने झोपतं ते विचारणं. कागदावरचं चिनी नाव नीट लिहून घेणं. ते बहुधा अनाथालयाने दिलेलं असतं, पण मुलाला तेवढंच मिळालेलं असतं. वीस वर्षांनी ते मूल विचारील तेव्हा ‘तुझ्याबद्दल आम्ही एवढं विचारून ठेवलं होतं’ असं म्हणता यावं. पुण्या-मुंबईच्या संस्थांतून परदेशी गेलेली मुलंही मोठी होऊन आईचा माग काढत इकडे येतात. त्यांच्या हाती एखादा नीट जपलेला कागद असला, तर फरक पडतो.

कर्णाचं उदाहरण आपल्याला ठाऊकच आहे. जन्माचं सत्य कळल्यावरही त्याने राधेला सोडलं नाही. पण महाभारताने त्याचं दुसरं नावही पुसलं नाही. तो राधेय आहे आणि कौंतेयही आहे. मूल आपलं होण्यासाठी आधी ते आणखी कुणाचं होतं हे विसरावं लागत नाही. उलट ते लक्षात ठेवणं, हेच पालकपणातलं पहिलं काम. आणि ते भेटीच्या आधीच सुरू होतं.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.