सूर्याची वीज घरात घेताना

पुण्याच्या बुधवार पेठेत, ऐन वस्तीच्या मध्यभागी, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने यांनी घरात विजेची जोडणी न घेता आयुष्य व्यतीत केले आणि विपुल ग्रंथलेखनही केले. त्यांच्या निग्रहाविषयी नितांत आदर बाळगूनही, ज्यांना आपल्या आडवाटेच्या लहानशा खोलीत सरकारी तारेवाचून दिवा हवा आहे, त्यांनी सौर पॅनेलइतकीच आस्था त्याच्या तारेविषयीही बाळगावयास हवी.

कारण असे, की 100 वॅटची वीज 230 व्होल्टने वाहते तेव्हा प्रवाह अर्ध्या अँपियरहूनही कमी असतो, परंतु तीच 12 व्होल्टने आणू गेल्यास तो आठ अँपियरांच्या वर जातो. आणि अंतर दहा मीटर असल्यास, जाऊनयेऊन वीस मीटर होणाऱ्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सुमारे सव्वा व्होल्ट, म्हणजे शक्तीचा जवळजवळ दहावा हिस्सा, उष्णतेच्या रूपाने व्यर्थ जातो. सहा चौरस मिलिमीटरची तार ही हानी निम्म्याहून कमी करते.

तार भिंतीतून आत घेताना छिद्र बाहेरच्या बाजूस उतरते ठेवावे व बाहेर तारेस छिद्राखाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशीच गळून जाते. आणि बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूजची तजवीज अवश्य करावी, कारण तारा परस्परांस चिकटल्यास बॅटरी क्षणार्धात आग लागण्याइतका प्रवाह सोडते. खर्च आटोक्यात ठेवावयाचाच असेल तर पॅनेल लहान घ्यावे. तार आणि फ्यूज यांत काटकसर करू नये.