पुढचा टायर, मागचा टायर: जोडी कशी जमवायची?

वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात टायरचं काय काम, असं कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो. मंडळाच्या बैठकीला येणारे बरेचजण दुचाकीवरून येतात. पाऊस लागला की "आंबोलीला जाऊया की" किंवा "चोर्ल्यातून गोवा मारूया" असा ठराव आपोआप मंजूर होतो, त्याला सूचक-अनुमोदकही लागत नाहीत. पण पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांचे टायर एकदा वाकून बघा. मागं नवा, नक्षीदार, रुंद टायर आणि पुढं गुळगुळीत, कडक झालेला जुना, अशा गाड्या कमी नाहीत. माझ्या मामांचं बेळगावात टायरचं दुकान आहे. सुट्टीत मी तिथं बसतो, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

मागचा टायर लवकर झिजतो हे खरं. इंजिनचा जोर त्याच्यातूनच रस्त्याला लागतो, शिवाय डबलसीट बसलेल्या मित्राचं बरंचसं वजन त्याच्यावरच. त्यामुळं गिऱ्हाईक येतं ते "मागचा बदला" म्हणूनच. पुढच्याची नक्षी अजून दिसते, म्हणून तो तसाच राहतो. पण रबर नुसतं झिजत नाही, म्हातारंही होतं. उन्हात उभं राहून कडक होतं, बाजूला केसासारख्या भेगा पडतात. नक्षी असूनही असा टायर ओल्या रस्त्याला धरत नाही.

आणि गाडी थांबवायचं काम मुख्यतः पुढचाच करतो. बसमध्ये उभं असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला की आपण सगळे पुढं झुकतो ना, तसंच गाडीचं वजनही ब्रेक मारताना पुढच्या चाकावर येतं. जोरात ब्रेक मारला तर निम्म्याहून कितीतरी जास्त भार एकट्या पुढच्या टायरवर असतो, आणि त्याचा रस्त्याला टेकलेला तुकडा आपल्या तळहाताहूनही लहान. मागचा टायर सरकला तर गाडी शेपूट हलवते, बहुतेक वेळा सावरता येते. पुढचा सरकला की हँडल हातातून निघून जातं आणि आपण रस्त्यावर. विचार करायलाही वेळ मिळत नाही. म्हणून माझं मत असं, की तपासताना पुढच्याला जास्त कडक मार्क द्यावेत.

आता एक जुगाड. स्प्लेंडरसारख्या गाडीत पुढं-मागं एकाच मापाचा टायर असतो, ८०/१००-१८. मग कुणीतरी हुशार सल्ला देतो, "नवा मागं घाला आणि मागचा जुना पुढं टाका, पैसे वाचतील." जुन्या बुलेटलाही दोन्हीकडं ३.२५-१९ असायचा, तिथंही हा प्रकार चालायचा. पण मागचा टायर सरळ रस्त्यावर पळून मधोमध चपटा झालेला असतो. तोच पुढं घातला की वळणावर गाडी गोलाईनं कलत नाही. चपट्या भागाच्या कडेवर आली की एकदम खाली पडल्यासारखी होते. म्हणजे ज्या चाकावर थांबणं आणि वळणं दोन्ही अवलंबून, त्यालाच आपण दुसऱ्याचा उतरवलेला सदरा घातला.

उलट बाजूनंही घोटाळा होतो. माप तेच असलं तरी टायर तोच असेल असं नाही. स्प्लेंडरच्या पुढच्या टायरवर मापापुढं ४७पी आणि मागच्यावर ५४पी असं लिहिलेलं असतं. यातला आकडा म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो त्याची खूण. ४७ म्हणजे १७५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. पी हे वेगाचं अक्षर, ताशी १५० किलोमीटरपर्यंत. पुढचा टायर मागं बसवला आणि त्यावर दोघं बसून, सामान बांधून घाट चढलो, तर टायरला झेपणार नाही एवढं ओझं त्याच्यावर येऊ शकतं. दुकानात नुसतं "स्प्लेंडरचा टायर द्या" म्हणू नका, पुढचा की मागचा ते सांगा आणि आकडा स्वतः वाचा.

मापाचं गणितही सोपं आहे. १००/९०-१७ म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर, आणि रिम १७ इंची. हे एकदा कळलं की जाड टायरच्या हौसेची झडती घेता येते.

ही हौस आमच्या दुकानात रोज दिसते. "मामा, मागं जरा जाडजूड घाला की, गाडी भरल्यासारखी दिसली पाहिजे." मामा नाही म्हणतात, मग पोरगं पुढच्या दुकानात जातं. आता पल्सर १५० चं उदाहरण घेऊ. तिच्या एका डिस्कच्या गाडीला पुढं ८०/१००-१७ आणि मागं १००/९०-१७ येतो. २०१८ साली कंपनीनं दोन डिस्कची गाडी काढली. तिला मागं १२०/८०-१७ दिला, पण त्याबरोबर पुढचाही ९०/९०-१७ केला, पुढचे फोर्क जाड केले, दोन चाकांमधलं अंतरही वाढवलं. म्हणजे मागचा टायर रुंद करायचा तर बाकी काय काय बदलावं लागतं, ते कंपनीनंच करून दाखवलं. आपण मात्र एका डिस्कच्या गाडीला नुसता मागचा १२० चा चढवतो आणि पुढं तोच ८० ठेवतो.

मग काय होतं? अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत चिमटल्या जातात आणि वरचा भाग टोकदार होतो. रुंदीसाठी पैसे मोजले, पण सरळ चालताना रस्त्याला टेकतो तो भाग उलट कमीच. वळताना त्याच वेगाला गाडी जास्त कलवावी लागते, कारण रुंद टायरचा टेकणारा भाग मध्यापासून लांब सरकतो. पुढचं चाक एका हिशेबानं वळतं आणि मागचं दुसऱ्या, आणि चालवणाऱ्याला नुसतं वाटत राहतं की गाडी "जड" झालीय. उंचीही बदलते. १००/९० ची ९० मिलिमीटर, १२०/८० ची ९६. मागची बाजू ६ मिलिमीटरनं वर आली. एवढ्यानं काही कोसळत नाही, पण टायर चेनकव्हरला किंवा मडगार्डला घासतो का, हे बघावंच लागतं. दोघं बसून खड्ड्यात आदळल्यावर तर नक्कीच. एक माप वाढवायचंच असेल तर त्या रिमला कंपनी किती रुंद टायर चालतो म्हणते ते आधी बघा. दोन मापं वाढवायचा विचार मात्र सोडूनच द्या.

नक्षीची जोडीही महत्त्वाची. साध्या गाड्यांना पुढं लांब सरळ खाचांचा रिब टायर असायचा. त्यानं हँडल सरळ रेषेत राहतं. मागं ठोकळ्यांची नक्षी. दूधवाले आणि शेतावर जाणारे मागं बटण टायर घालतात, चिखलात तो उत्तम. पण ओल्या डांबरावर बटण टायरचं थोडंच रबर टेकतं आणि ठोकळे वाकतात, त्यामुळं शहरात फिरणाऱ्यानं नुसत्या दिसण्यासाठी तो घालू नये, पुढं तर नाहीच. एकाच कंपनीनं जोडी म्हणून बनवलेले पुढचा-मागचा टायर मिळाले तर सर्वात बरं, कारण दोन्हींची गोलाई आणि रबर एकमेकांना धरून असतं. (गोव्याला जाताना उसगावला एमआरएफचा कारखाना आहे. मामांच्या दृष्टीनं ते तीर्थक्षेत्रच.) रेडियल आणि साधा टायर यांची मिसळ स्वतःच्या मनानं करू नये. काही गाड्यांना कंपनीच मागं रेडियल आणि पुढं साधा देते, ते चालतं. पुढं रेडियल आणि मागं साधा, हे नको.

टायरच्या बाजूवर बाण असतो, चाक त्याच दिशेनं फिरलं पाहिजे. काही टायर पुढं आणि मागं दोन्हीकडं चालतात, पण त्यांच्यावर दोन बाण असतात, दोन वेगळ्या दिशांचे. कारण पुढच्या टायरवर मोठा ताण ब्रेकचा आणि मागच्यावर गाडी ढकलण्याचा, आणि हे दोन्ही एकमेकांच्या उलटे. घाईत पंक्चर काढताना चाक उलटं बसवलेलं मी पाहिलंय, म्हणून चाक बसल्यावर बाण स्वतः बघून घ्या. तारांच्या चाकात ट्यूबलेस टायर बसवला तरी आत ट्यूब बहुतेक लागतेच, तेव्हा "ट्यूबलेस घातलाय, आता पंक्चरची चिंता नाही" हा समज काढून टाका.

हवा पुढं कमी आणि मागं जास्त असते. डबलसीट असाल तर मागं आणखी जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो आणि बऱ्याच गाड्यांच्या चेनकव्हरवर चिकटवलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. वीस किलोमीटर पळवून पंपावर गेलात तर तापलेल्या टायरात आकडा जास्त दिसतो. तो बघून हवा सोडलीत, तर थंड झाल्यावर कमी पडते.

दुकानात टायर हातात घेतल्यावर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे शोधा. ३२२३ असेल तर २०२३ सालच्या ३२ व्या आठवड्यात तो बनलाय. सवलतीत मिळतोय म्हणून चार-पाच वर्षं पडून राहिलेला "नवा" टायर घेऊ नका. जुना असेल तर खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते बघा, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. आणि नवा बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा. वरचा थर गुळगुळीत असतो, तो निघेपर्यंत टायर धरत नाही. नवा टायर घालून दुकानातून थेट चोर्ल्याला निघालेल्या पोरांना मामा त्यासाठीच चहाला थांबवून ठेवतात.